सात घाटांची वाई

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूरचा फाटा लागतो. तेथून उजव्या हाताला वळले की थोड्याच वेळात वाई येते. पुण्यापासून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. दिवाळीच्या सुट्टीत या रस्त्याने गाड्यांची रीघ लागते. पण त्यांतल्या बहुतेकांचे मन पसरणीचा घाट केव्हाच चढून गेलेले असते. पाचगणीची थंडी, महाबळेश्वरचे पॉइंट, परतताना स्ट्रॉबेरीचा मुरंबा! वाईच्या वाट्याला यातून काय येते? एक चहा, ढोल्या गणपतीला एक नमस्कार आणि घाटावर घाईघाईने काढलेले छायाचित्र. अर्ध्या तासात वाई ‘पाहून’ होते.

आमची वाचकांना विनंती अशी की यंदा उलटे करून पाहावे. मुक्काम वाईत ठेवावा आणि वाटलेच तर एक दिवस पाचगणीला जाऊन यावे. दोन पूर्ण दिवस हाताशी असले तर महाराष्ट्राच्या साडेतीनशे वर्षांच्या इतिहासातला एक चांगला मोठा भाग या लहानशा गावात पायी फिरून पाहता येतो. तो कोणत्या क्रमाने पाहावा आणि पाहताना काय ध्यानात ठेवावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पहाटे उठावे आणि नदीवर जावे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगरातून उतरून सपाटीला लागते, तेव्हा तिच्या काठी वसलेले पहिले मोठे गाव वाई. जुने गाव मुख्यतः डाव्या तीरावर आहे आणि त्याची रचनाच नदीने ठरवलेली आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा या सात आळ्या. प्रत्येकीचा घाट निराळा. आळीतून निघालेली वाट देवळावरून जाते आणि पायऱ्यांनी पाण्यात उतरते. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, मध्येच एखादी छोटी घुमटी, वर पिंपळाची सावली. मुलांना पायऱ्या मोजायला लावावे. तेवढ्या वेळात वडील मंडळींना स्वस्थ बसायला मिळते.

वाईला विराटनगरी म्हणण्याची जुनी चाल आहे. अज्ञातवासातले पांडव येथेच राहिले, असे लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. गावाच्या उत्तरेला पांडवगड आहे आणि जवळच वैराटगड, मग पुराव्याला कमी ते काय! भारतात विराटनगरी म्हणवून घेणारी आणखीही गावे आहेत, हे आपण वाईकरांपुढे बोलू नये. इतिहासाला मात्र इतके नक्की म्हणता येते की येथे वस्ती फार जुनी आहे. गावाच्या उत्तरेस लोहारे गावाजवळ डोंगरात बौद्ध भिक्षूंनी कोरलेली लेणी आहेत. पुढच्या काळात त्यांतल्या एका लेण्यात महादेवाची स्थापना झाली आणि आज पालपेश्वर या नावाने तेथे पूजा होते. ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी ही लेणी आणि पांडवगड यांसाठी सकाळचे चार तास राखून ठेवावेत.

वाईचे नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, ते अफझलखानामुळे. खान हा विजापूरकरांचा नामांकित सरदार, आणि वाईचा सुभा त्याच्याकडेच होता. १६५९ साली तो शिवाजीमहाराजांवर चालून आला, तेव्हा पावसाळ्यात त्याने वाईस तळ दिला. हा मुलूख त्याच्या पायाखालचा होता. येथूनच त्याचा वकील कृष्णाजी भास्कर महाराजांकडे गेला. येथूनच खान आपले सैन्य घेऊन, डोंगर चढून आणि रडतोंडीचा घाट उतरून पारास पोचला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचा शेवट झाला. महाराज वेळ न दवडता वाईला आले आणि तेथून पुढे निघाले. अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा त्यांच्या हाती आला.

या सगळ्याची एक खूण वाईत अजून जिवंत आहे. ती कोणत्याही दगडावर कोरलेली नाही. खान वाईत होता त्या दिवसांत गावातल्या एका सत्पुरुषाने कृष्णामाईला नवस केला की महाराजांवरचे संकट टळू दे, तुझा उत्सव करीन, अशी परंपरा आहे. तो नवस वाई अजून फेडते आहे. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो तो एकेक घाट घेत पुढे सरकतो. प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी. घाटावर मांडव पडतो, देवी वाजतगाजत मांडवात येते, कीर्तने होतात, पंगती उठतात आणि मग पुढच्या आळीची पाळी येते. नदीलाच देवी मानून तिला माहेरवाशिणीसारखे घरून आणायचे आणि तिच्याच काठी बसवायचे, ही कल्पना किती गोड आहे! गुरू कन्या राशीत आला म्हणजे गंगा कृष्णेच्या भेटीला येते, असाही समज आहे. ती कन्यागताची पर्वणी बारा वर्षांनी एकदा येते. २०१६ साली ती आली होती.

स्वराज्याचा आणखी एक धागा येथे तुटला. १६८७ साली वाईजवळच्या लढाईत मोगलांशी झुंजताना सरनौबत हंबीरराव मोहिते पडले. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण संभाजीमहाराजांचा उजवा हात गेला. वाईत फिरताना हे स्मरण असू द्यावे.

आता गणपती आळीत यावे. आज आपण पाहतो ती वाई, म्हणजे देवळांची आणि घाटांची वाई, हे मुख्यतः अठराव्या शतकातले काम आहे आणि त्यात मोठा वाटा रास्ते घराण्याचा. रास्ते हे सावकार. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली आणि वाईचे नशीब उघडले. पेशव्यांची सासुरवाडी म्हटल्यावर गावात पैसा, माणसे, कारागीर आणि शास्त्री-पंडित यांची वाण राहिली नाही. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७चे, आनंदराव रास्त्यांनी बांधलेले. तेथला नंदी अवश्य पाहावा. दगडावर इतकी झिलई आहे की हात लावल्यावाचून राहवत नाही, आणि त्याच्या अंगावरच्या माळा व घुंगरू पाषाणवड्याने मन लावून कोरले आहेत.

शेजारचा ढोल्या गणपती १७६२चा, गणपतराव रास्त्यांनी बांधलेला. मूर्ती काळ्या दगडाची. एवढा ऐसपैस आणि सुखवस्तू गणपती क्वचित पाहायला मिळतो. लोकांनी प्रेमाने दिलेले नाव अगदी चपखल आहे. परंतु दर्शन झाल्यावर पुढच्या दाराने परत फिरू नये. वळसा घालून देवळाच्या पाठीमागे जावे. तेथली भिंत सरळ नाही. माशाच्या किंवा नावेच्या तोंडासारखी ती निमुळती होत गेली आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाणी या टोकावर आपटते, दोहों बाजूंना फाकते आणि वाहून जाते. नदीच्या पात्रालगत देऊळ बांधायचे तर नदीशी भांडून चालणार नाही, तिला वाट करून दिली पाहिजे, हे त्या गवंड्याला कळले होते. अडीचशेहून अधिक पावसाळे सोसून देऊळ उभे आहे. पूर गाभाऱ्यात शिरतो, ओसरतो, आणि गणपती जिथल्या तिथे!

यातले १७६२ हे साल जरा थांबून पाहण्यासारखे आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झाले. रास्त्यांची लेक गोपिकाबाई हिचा थोरला मुलगा विश्वासराव तेथे पडला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात पतीही गेला. महाराष्ट्रातल्या घराघरांत सुतक होते. पुढल्याच साली तिच्या माहेरी हा प्रचंड गणपती बसला. पुढे १७७२ साली माधवराव क्षयाने गेले आणि १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलगे आईच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. पेशवाईचे वैभव म्हणून आपण जे पाहतो, त्या दगडांच्या मागे एवढे दुःख उभे आहे.

दुपारचे जेवण आटोपून, ऊन कलल्यावर मेणवलीला जावे. वाईपासून तीन किलोमीटर. नदीच्या कडेकडेने पायीही जाता येते. हे गाव नाना फडणविसांचे. १७६८ साली ते त्यांना इनाम मिळाले आणि नानांनी येथे सहा चौकांचा वाडा, देवळे आणि अतिशय देखणा घाट बांधला. वाड्याच्या भिंतींवर त्या काळची चित्रे अजून दिसतात. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळे हा घाट आणि हा पिंपळ देशभर पोचला, आणि हल्ली पुष्कळ मंडळी तो चित्रपट आठवतच येथे उतरतात. येईनात का! पण घाटावरच्या लहानशा घुमटीत टांगलेली घंटा मात्र पाहिल्याखेरीज त्यांनी परत जाऊ नये.

ही घंटा देवळासाठी ओतलेली नाही. ती आहे वसईच्या पोर्तुगीजांची. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांना वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांपैकीच. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. लोकांनी ती पुसून टाकली नाही. परधर्माची माता कडेवर मूल घेऊन शंकराच्या दारात इतकी वर्षे सुखाने आहे. घंटेचा आवाज सर्वांना सारखाच ऐकू येतो.

आता वाड्याकडे पुन्हा वळू. नाना म्हणजे हिशेबाचा आणि कागदाचा माणूस. १७४२ साली साताऱ्यास जन्मलेला हा बालाजी जनार्दन भानू पानिपतावरून जीव वाचवून परतला होता. त्याची आई तेथेच अंतरली. ते सारे त्याने आपल्या छोट्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. पुढे उभा हिंदुस्थान ज्याच्या पत्रांवर डोळा ठेवून असे, त्या नानांच्या पत्रव्यवहाराचा मोठा साठा या वाड्यात राहिला. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्यांच्या धाकट्या पत्नी जिऊबाई तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. त्यांना काही काळ लोहगडावर राहावे लागले, आणि राज्य बुडाल्यावर त्या याच मेणवलीच्या आसऱ्याने राहिल्या. पेशवाईच्या सर्वांत चतुर मुत्सद्द्याचे घर असे एका विधवेच्या दिव्यापुरते उरले. पण दप्तर शाबूत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीच्या कागदांचे मोल ओळखले, त्यांतले किती तरी उजेडात आणले. १९२५ साली साताऱ्यास त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय झाले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेव्हा उत्तर पेशवाईचा जो इतिहास आपण आज वाचतो, त्यातला बराचसा या वाड्याच्या रुमालांतून बाहेर आला आहे.

दुसऱ्या दिवशी आणखी थोडे वर, धोमला जावे. धौम्य ऋषींचे हे स्थान, असे मानतात. तेथल्या शिवालयासमोर कमळाच्या आकाराचे कुंड आहे. त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला. कुंड भरले की नंदी पाण्यावर तरंगतो आहे, असा भास होतो. मुले तेथून हलत नाहीत. पलीकडेच कृष्णेवरचे धोम धरण. रंगपंचमीच्या सुमारास येणाऱ्यांनी बावधनचे बगाड चुकवू नये. भैरवनाथाच्या यात्रेत नवसाचा बगाड्या उंच शिडाला टांगलेला असतो आणि लाकडाचा तो अवजड गाडा बैलांच्या जोड्या शेतांतून ओढीत आणतात. बाजारात हळद घ्यावी. वाईच्या हळदीचे नाव आहे.

एवढे पाहून झाले की प्रवासी सामान बांधू लागतो. परंतु वाईचा उत्तम भाग अजून राहिलाच आहे, आणि त्याला पाहण्यासारखा कळस वा घुमट नाही.

पेशवाई गेली, रास्त्यांचे वैभव ओसरले. आश्रयदाते नाहीत म्हटल्यावर विद्येचे गाव पोरके व्हायचे. अनेक क्षेत्रे तशी झालीही. पंडित भिक्षुकीवर आले आणि पोथ्या वाळवीला गेल्या. वाईत नारायणशास्त्री मराठे नावाचा एक विरक्त माणूस निघाला. जन्म १८७७चा. पुढे संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. त्यांनी येथे प्राज्ञपाठशाळा चालवली. संस्कृत शास्त्रे जुन्या कसोशीने शिकवायची, पण डोळे नव्या काळाकडे उघडे ठेवायचे, ही तिची रीत. १९१७ साली साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन एक तरुण येथे उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकायला आला. अभ्यास सांभाळून त्याने गीतेचे वर्ग घेतले, पायी फिरून किल्ले पाहिले, आणि विद्यार्थ्यांच्या वाचनालयाला पैसे हवे होते म्हणून मुलांना बरोबर घेऊन लोकांचे दळण दळून दिले! तो तरुण म्हणजे विनोबा.

याच पाठशाळेत चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा खानदेशातल्या पिंपळनेरहून आला आणि जन्मभर वाईचा होऊन गेला. ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. शास्त्र शिकून त्यांनी त्याचा उपयोग कशासाठी केला, हे पाहण्यासारखे आहे. महात्मा गांधी अस्पृश्यतेविरुद्ध झगडत होते, तेव्हा शास्त्राधार घेऊन त्यांच्या बाजूला उभे राहणाऱ्यांत तर्कतीर्थ होते. १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह पुण्यात झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. जुन्या मतांना हा प्रतिलोम विवाह मुळीच मान्य नव्हता. त्याचे पौरोहित्य वाईच्या या शास्त्र्याने केले. ज्या गावच्या आळ्या जातींच्या मर्यादा काटेकोर पाळीत आल्या होत्या, त्याच गावच्या पाठशाळेतून हे धैर्य आले, ही वाईच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आम्हांस वाटते. लढाई नाही, तह नाही, तरीही मोठी.

प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे काम हाती घेतले. १९३७ पासून त्याचे खंड निघू लागले. केवलानंदांनी सात खंडांचा मीमांसाकोश रचला. ‘नवभारत’ मासिक येथूनच चालले. मराठीत पहिला साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास मिळाला. मग महाराष्ट्र राज्य झाले आणि मराठीत सर्व विद्यांचा एक विश्वकोश करण्याचे ठरले. मुंबई-पुण्याची विद्यापीठे सोडून त्याचे कार्यालय बसले ते वाईत, कारण प्रमुख संपादक तर्कतीर्थ वाईत होते. १९७६ साली पहिला खंड बाहेर पडला. तर्कतीर्थ १९९४ साली गेले; काम थांबले नाही. २०१५ साली विसावा खंड पुरा झाला. ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत जगातले ज्ञान मराठीत आणण्याचा हा उद्योग कृष्णेच्या काठी चालला, आणि आता तो संगणकावर कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतो. तुमच्या मुलाने शाळेच्या निबंधासाठी त्यातला मजकूर उतरवला असेल, तर तोही नकळत वाईला जाऊन आलेला आहे.

म्हणून गंगापुरीत विश्वकोशाच्या इमारतीपाशी आणि प्राज्ञपाठशाळेच्या दाराशी दोन मिनिटे थांबावे. मुलांना सांगावे की येथे तोफ नाही, तलवार नाही, पण किल्ल्याइतकेच मोठे काम झाले आहे.

दोन दिवसांच्या फिरण्यातून एक गोष्ट आपोआप उमगते. वाईवर ज्यांनी हुकमत गाजवली, त्यांच्या हुकमतीचे काही उरले नाही. खानाची छावणी कोठे होती ते विचारत फिरावे लागते. सरदारांचे वाडे खचले, वाटण्या झाल्या, कौले गेली. ज्यावर सर्वांनी पाय ठेवावा म्हणून बांधले ते घाट राहिले, आणि सर्वांनी वाचावे म्हणून रचले ते कोश राहिले. नानांचा वाडाही लोकांच्या उपयोगी पडला तो आतल्या कागदांनी.

पण घाट आपोआप राहत नाहीत, हेही बोलले पाहिजे. पायऱ्या टिकतात त्या उतरणाऱ्यांच्या पायांनी. घरोघरी नळ आले, आणि नदीवर रोज जाण्याचे कारण संपले. ते चांगलेच झाले, कारण हंडे वाहून बायकांच्या कमरा मोडत होत्या. तथापि कारण संपले तसे लक्षही उडाले. धरणाखालची नदी उन्हाळ्यात रोडावते, पात्रात जलपर्णी माजते, गावाचे सांडपाणी तिलाच भेटते. जिला माघात मांडवात बसवून ओटी भरायची, तिला वैशाखात विसरायचे, हे काही बरे नव्हे. आणि यात केवळ वाईकरांना बोल लावून चालणार नाही. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडणारे हात बहुधा आपल्यासारख्या पाहुण्यांचेच असतात.

तेव्हा यंदा वाईला जाल तर सोबत रिकामी पिशवी ठेवा आणि जे नेले ते तिच्यात घालून परत आणा. संध्याकाळी एखाद्या शांत घाटावर, शक्यतो ढोल्या गणपतीपासून थोडे दूर, धर्मपुरीकडे किंवा मेणवलीला, सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत उतरा. मुलांना पाण्यात पाय सोडू द्या. शेजारी एखादे म्हातारे गृहस्थ बसलेले असतील, तर त्यांना विचारा की मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढले होते. ते उठतील, चार पायऱ्या वर जातील आणि भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. मग दुसऱ्या पुराची आठवण निघेल, त्यातून उत्सवाची, त्यातून कुठल्याशा शास्त्रीबुवांची. अंधार पडेपर्यंत बसा. पाचगणी दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.